कोलेस्टेरॉलच्या लेखात दारूचा एक शब्दही नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या आरोग्याच्या पानावर कोलेस्टेरॉलवर अर्धं पान लेख होता, तो मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा फक्त एवढ्यासाठी की माझ्याकडून काही सुटलं तर नाही ना. तेलकट कमी करा, गोड कमी करा, रोज चाला, वजन उतरवा, सिगारेट सोडा, टेन्शन घेऊ नका, सगळं होतं आणि सगळं बरोबरही होतं. पण दारू हा शब्द अख्ख्या लेखात एकदाही नव्हता. मला राग आला असं नाही म्हणणार, वाईट वाटलं, कारण नेमका हाच शब्द आमच्या घरात तीन वर्षं कोणी उच्चारला नाही आणि त्याची किंमत माझ्या मोठ्या भावाने मोजली.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, 21 वर्षं झाली. रक्त काढायचं, नळी थोडा वेळ उभी ठेवायची, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, खाली लाल पेशी बसतात आणि वर सिरम येतं, ते चांगलं असेल तर पिवळसर आणि आरपार दिसणारं असतं. काही लोकांचं सिरम मात्र दुधासारखं पांढरं येतं, इतकं की नळीमागे छापलेला कागद धरला तर अक्षरं दिसत नाहीत. ही रक्तातली चरबी असते, डोळ्यांनी दिसणारी, बहुतेक करून ट्रायग्लिसराईड्स. अशी नळी फ्रीजमध्ये रात्रभर उभी ठेवली तर कधीकधी वर सायीसारखा थर जमतो. लोकांना कोलेस्टेरॉल हा एकच शब्द माहीत असतो पण साधं कोलेस्टेरॉल कितीही वाढलं तरी रक्त असं पांढरं दिसत नाही, हे काम ट्रायग्लिसराईडचं. डायबेटीस हाताबाहेर गेला असेल, थायरॉईड कमी असेल, किडनीचा आजार असेल, काही गोळ्या चालू असतील, घराण्यातच दोष असेल तरी असं होतं. आणि भरपूर दारू हे तर अगदी नेहमीचं कारण आहे, पण पेशंट ते सांगत नाही आणि समोरचा विचारत नाही.

आता दादाचं सांगते. तीन वर्षांपूर्वी मीच त्याला ओढून नेलं लिपिड प्रोफाइलला, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीला, वय 44. रिपोर्ट आला, टोटल कोलेस्टेरॉल 214, एचडीएल 58, एलडीएल 80, ट्रायग्लिसराईड 380. ट्रायग्लिसराईड 150 च्या आत हवं, 200 च्या वर गेलं की जास्त आणि 500 च्या वर अतिजास्त धरतात. पण घरात सगळे खूश, कारण वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल 80 आणि चांगलं कोलेस्टेरॉल 58, हृदय एकदम मजबूत म्हणे. ट्रायग्लिसराईडचं काय तर बाहेरचं खाणं झालं असेल. मीसुद्धा तेच म्हणाले, लिहायला जड जातंय पण म्हणाले. आता मला कळतं की तो रिपोर्टच ओरडून सांगत होता. साधारणपणे पोट सुटलेल्या, डायबेटीसकडे झुकलेल्या माणसाचं ट्रायग्लिसराईड वाढतं तेव्हा एचडीएल खाली जातं, दोघांचं सहसा उलटं चालतं. इथे ट्रायग्लिसराईड एवढं वर आणि एचडीएलही छान वर, अशी जोडी दिसली की पहिला प्रश्न दारूचा विचारायला हवा, कारण दारू दोन्ही वाढवते. नक्की निदान नाही होत त्यावरून, पण प्रश्न तरी पडायला हवा ना.

दादा रोज रात्री तीन पेग घ्यायचा, 60 मिलीचे, सुट्टीच्या आदल्या दिवशी पाच-सहा. कधी भांडण नाही, कधी पडला नाही, सकाळी वेळेवर कामावर, त्यामुळे त्याला कोणी दारुडा म्हणत नव्हतं आणि तोही स्वतःला म्हणत नव्हता. हिशोब करून बघा, 40 टक्क्यांची 60 मिली दारू म्हणजे साधारण 19 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, तीन पेग म्हणजे 57 ग्रॅम. एका ग्रॅमला 7 कॅलरी, म्हणजे 400 कॅलरी रोज, सोबत खाल्लेलं वेगळंच. जे म्हणतात मी फक्त बिअर घेतो त्यांच्यासाठी, 5 टक्क्यांची 500 मिली बिअर म्हणजे 20 ग्रॅम अल्कोहोल, तोच एक पेग. लिव्हरला बाटलीवरचं लेबल वाचता येत नाही.

लिव्हरमध्ये काय होतं ते मी डॉक्टर नाही तरी साध्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते, कारण ते एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप लागतं. अल्कोहोल शरीराला साठवून ठेवता येत नाही आणि ते विषारी आहे, म्हणून ते आलं की लिव्हर हातातली बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते निस्तरायला घेतं. आधी त्याचं ॲसिटाल्डिहाईड करायचं, मग त्याचं ॲसिटेट. या दोन्ही पायऱ्यांवर एनएडीएच नावाचा पदार्थ लिव्हरच्या पेशीत ढिगाने जमा होतो आणि तो जमला की पेशीला वाटतं इंधन भरपूर आहे, चरबी जाळायची गरज नाही. एरवी लिव्हर जी चरबी जाळून टाकतं ती जाळणं मंदावतं, वर नवीन चरबी तयार व्हायला लागते, आणि अंगावरच्या चरबीतूनही फॅटी ॲसिड्स सुटून लिव्हरकडेच येतात. दोन्ही बाजूंनी आवक आणि जाळायची भट्टी मंद. मग लिव्हर ती चरबी व्हीएलडीएल नावाच्या पुडक्यांत भरून रक्तात सोडून देतं. रिपोर्टमध्ये जे ट्रायग्लिसराईड दिसतं त्यात मुख्य वाटा या पुडक्यांचा. जी पाठवणं जमत नाही ती लिव्हरमध्येच साठते, तेच सोनोग्राफीत फॅटी लिव्हर म्हणून येतं. म्हणजे रक्तातली चरबी आणि लिव्हरवरची चरबी हे दोन आजार नाहीत, एकाच गोडाऊनची दोन दारं आहेत.

त्यात अजून एक. जेवणातून आलेली चरबी रक्तातून उचलून पेशींना द्यायचं काम लायपोप्रोटीन लायपेज नावाचं एन्झाईम करतं, आणि एका बैठकीत जास्त दारू झाली की तेही ढिलं पडतं. म्हणून दारू आणि सोबत तेलकट असं एकत्र झालं की चरबी रक्तात जास्त चढते आणि जास्त वेळ फिरत राहते, दोन्ही वेगवेगळं घेतल्यापेक्षा वाईट. आणि लिव्हरचा वेग काही आपल्या हातात नाही, तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल, बस, लिंबूपाणी प्या नाहीतर आंघोळ करा. दादाचे 57 ग्रॅम निपटायला सहा ते आठ तास, म्हणजे अख्खी रात्र लिव्हर त्यातच. रात्री अकराला शेवटचा पेग संपवायचा आणि सकाळी सातला माझ्यासमोर हात पुढे करून सांगायचं की फास्टिंग आहे, काही खाल्लं नाही. खोटं बोलत नव्हता तो, खाल्लं खरंच नव्हतं. फास्टिंगमध्ये दारूही धरायची असते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. टेस्टच्या आधी निदान 24 तास दारू नको असं आम्हाला शिकवलेलं असतं पण काउंटरवर घाईत आम्ही एवढंच म्हणतो, सकाळी उपाशी या.

मागच्या वर्षी परत केलं तर ट्रायग्लिसराईड 620 आणि एलडीएलच्या जागी आकडाच नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की ट्रायग्लिसराईड 400 च्या वर असल्यामुळे एलडीएल काढता येत नाही. बऱ्याच ठिकाणी एलडीएल थेट मोजत नाहीत, 1972 सालच्या फ्रीडवाल्डच्या सूत्राने काढतात, टोटलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराईडचा पाचवा भाग वजा करायचा, पण ते 400 च्या वर चालत नाही. घरी सगळ्यांनी ती रिकामी जागा बघितली आणि म्हणाले, बघ, वाईट कोलेस्टेरॉल आलंच नाही. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, डाएटचा कागद दिला, चालायला सांगितलं. दादा खरंच चालायला लागला, तेलकट जवळजवळ सोडलं, वहिनीने तर सगळा स्वयंपाकच बदलला. तीन पेग तेवढे चालूच, कारण कागदावर ते नव्हतेच. उलट एकदा मला म्हणाला, अगं थोडी घेतलेली हृदयाला बरी असते, एचडीएल बघ माझं.

या एचडीएलच्या गोष्टीवर मला थोडं जास्त लिहायचंय कारण शिकलेल्या लोकांचीही इथेच फसगत होते. दारूने एचडीएल वाढतं हे खरं आहे. ज्यांचं एचडीएल मुळात जास्त त्यांना हार्टचा त्रास कमी असंही बऱ्याच पाहण्यांमध्ये दिसायचं. दोन्ही जोडून लोकांनी आणि मासिकांनी निष्कर्ष काढून टाकला, घ्या थोडी रोज. पण एचडीएल मुद्दाम वाढवलं की फायदा होतो का हे जेव्हा तपासलं तेव्हा निराळंच निघालं. टॉरसेट्रॅपिब नावाचं औषध होतं, त्याने एचडीएल भरपूर वाढायचं, पण 2006 च्या डिसेंबरमध्ये त्याची मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. नंतरची तशी औषधंही या आशेला पुरी पडली नाहीत. दारूचं म्हणाल तर 2019 मध्ये चीनमधल्या 5 लाखांहून जास्त लोकांच्या पाहणीतून एक काम प्रसिद्ध झालं, त्यात लोक किती पितात हे फक्त त्यांच्या तोंडून न ऐकता दारू सोसण्याच्या जनुकांवरून ताडून बघितलं, तेव्हा थोड्या दारूने स्ट्रोकपासून संरक्षण मिळतं हा समज टिकला नाही, ब्लडप्रेशर आणि स्ट्रोक दारूबरोबर वाढतच गेले. आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये सरळ सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंही प्रमाण नाही. एचडीएल 58 हे दादासाठी चांगल्या तब्येतीचं सर्टिफिकेट नव्हतं, ती दारूचीच पावती होती.

मग सहा महिन्यांपूर्वीची ती रात्र. सुट्टीच्या आदल्या दिवशी मित्रांबरोबर बसला, जास्त झाली, जेवणही जड झालं. पहाटे पोटात वरच्या बाजूला कळ, आरपार पाठीत जाणारी, वाकून बसलं तरच थोडं बरं, आणि उलट्या थांबेनात. जवळच्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दुपारपर्यंत उभं राहता येईना म्हणून मोठ्या हॉस्पिटलला नेलं. त्यांनी रक्त काढलं आणि एक नळी आमच्याकडेही आली. मी फिरवली. सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडलं आणि नळी हातात घेतली तर पांढरी, नुसती दूध. मशीनच्या मर्यादेबाहेर गेलं, डायल्यूट करून परत लावलं, 2140. एकवीस वर्षांत अशा नळ्या मी बघितल्या नव्हत्या असं नाही, पण तिच्यावर माझं माहेरचं आडनाव होतं. हात थरथरत होते माझे, डायल्यूशनचा गुणाकार मी तीनदा करून बघितला.

स्वादुपिंडाला सूज होती, ॲक्यूट पॅन्क्रिएटायटिस. ट्रायग्लिसराईड 1000 च्या वर गेलं की हा धोका खरा होतो. स्वादुपिंडातलं लायपेज ती चरबी तिथेच फोडतं आणि त्यातून एवढी फॅटी ॲसिड्स सुटतात की ते अवयवालाच जाळतात, आणि दारू स्वतंत्रपणेही स्वादुपिंडाला मारतेच, म्हणजे दोन्हीकडून. अजून एक सांगून ठेवते, रक्त एवढं दुधाळ असलं की दुसऱ्या टेस्टही फसवतात, सोडियम उगाच कमी दिसू शकतं, स्वादुपिंडाची सूज ओळखायची अमायलेजची टेस्ट नॉर्मल येऊ शकते आणि मग पॅन्क्रिएटायटिस नाहीच असं वाटतं. दादाच्या रक्तातलं लायपेज बघितलं म्हणून कळलं. तोंडाने काही नाही, सलाईन, इन्सुलिनचं ड्रिप.

आणि तिसऱ्या रात्री दादा बिछान्यावरून उठायला लागला, भिंतीवर किडे दिसतायत म्हणाला, वहिनीला ओळखेना, घामाने चिंब. वहिनीला वाटलं आजार डोक्यात गेला. ती दारू अचानक बंद झाल्याची प्रतिक्रिया होती. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आणि हॉस्पिटलने भरती करताना विचारलं होतं, दारू घेता का, तर घरच्यांनी सांगितलं होतं, कधीतरी, ऑकेजनली. लाज वाटली म्हणून. खरं सांगितलं असतं तर त्यांनी पहिल्या दिवसापासून त्याची औषधं सुरू केली असती. म्हणून हे पत्र वाचून कोणी उद्यापासून बंद असं एकट्याने ठरवणार असेल तर कृपा करून आधी डॉक्टरला खरा आकडा सांगा, रोज पिणाऱ्याने देखरेखीखालीच सोडायची असते.

अकरा दिवसांनी घरी आला. आता ऐका, उपाशी आणि ड्रिपवर असताना काही दिवसांतच 2140 चं 500 च्या आसपास आलं होतं, ते ठीक, ते उपचाराने. पण त्यानंतर सहा आठवडे दारूचा थेंब नाही, ट्रायग्लिसराईड कमी करणारी फेनोफायब्रेटची गोळी चालू, खाणं आधीचंच, चालणं तर कमीच कारण अशक्तपणा, आणि ट्रायग्लिसराईड 168. जे इतके दिवस डाएटच्या कागदाने झालं नाही ते. चार महिन्यांनी सोनोग्राफीत लिव्हरही बरंच निवळलेलं. दारूने आलेली साधी फॅटी लिव्हर दारू थांबली की काही आठवड्यांत उतरायला लागते, फक्त ती तिथेच असताना थांबायला हवं, पुढे सूज आणि मग सिरॉसिस झालं तर एवढं सोपं राहत नाही. आणि सिरॉसिस फार पुढे गेलं की लिव्हरला चरबीची पुडकी बनवायचीही ताकद राहत नाही, मग कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराईड खाली येतात. असे रिपोर्ट मी बघितलेत, कोलेस्टेरॉल 90, नातेवाईक म्हणतात चला हे तरी सुधारलं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

सगळ्याच पिणाऱ्यांचं ट्रायग्लिसराईड वाढतं असं मी म्हणत नाही. काहींचं रोज पिऊनही फारसं हलत नाही, काहींचं थोड्याशानेच उडी मारतं, विशेषतः वजन जास्त असेल, डायबेटीस असेल किंवा घराण्यात आधीच ही खोट असेल तर. म्हणून तर प्रत्येकाला विचारायला हवं. ज्याचं 500 च्या वर आहे त्याला तर डॉक्टर पूर्ण बंदच करायला सांगतात, कमी करा वगैरे नाही.

आता माझं म्हणणं. आमच्या लॅबच्या फॉर्मवर शेवटचं कधी जेवलात हा रकाना आहे, शेवटची दारू कधी आणि किती हा नाही. मी मालकांना तीनदा सांगितलं, पेशंट नाराज होतील म्हणाले. मग मी तोंडीच विचारायला लागले, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं, हात बांधताना, अगदी जेवलात का विचारतात त्याच आवाजात. नाराज कोणी झालं नाही. बरेच जण आधी नाही म्हणतात आणि सुई निघाल्यावर, कापूस दाबून बसलेले असताना हळूच सांगतात, ताई, काल घेतली होती, त्याने काही फरक पडतो का? एक आजोबा म्हणाले, चाळीस वर्षांत मला हे पहिल्यांदा कोणी विचारलं. एका बाईंनीही सांगितलं, त्यांना तर घरात कोणी विचारणं शक्यच नव्हतं, आणि बायकांच्या शरीरात तेवढ्याच दारूचं प्रमाण रक्तात जास्त चढतं त्यामुळे त्यांना लवकर कळायला हवं.

तुमचा पेपर आमच्या वेटिंग रूममध्ये रोज येतो, लोक रिपोर्टची वाट बघत आरोग्याचं पानच आधी उघडतात. त्या पानावर पुढच्या वेळी कोलेस्टेरॉलचा लेख छापाल तेव्हा तेल आणि साखरेच्या शेजारी दारूही लिहा, किती पेगला किती ग्रॅम हे लिहा, टेस्टच्या आधी 24 तास घेऊ नका हे लिहा, आणि वाढलेलं ट्रायग्लिसराईड हातात आलं तर डॉक्टरला रोजचा खरा आकडा सांगा हे मोठ्या अक्षरात लिहा. दादाने हे पत्र वाचलंय, पाठवायच्या आधी मी त्याला दाखवलं. तीन पेग लिहिलंस ते चार कर म्हणाला, तेव्हाही मी तुला एक कमीच सांगितला होता.

आपली,
एक वाचक आणि लॅब टेक्निशियन